आतून लावलेली कडी

बंद दाराविषयी माणसाला विलक्षण कुतूहल असते. उघड्या दारावरून आपण दिवसातून दहा वेळा जातो आणि आत काय चालले आहे तिकडे ढुंकूनही पाहत नाही. पण तेच दार चार दिवस लागोपाठ बंद दिसले, की त्याच्यापाशी आपली पावले नकळत मंदावतात. आपण सारी मुळात वाड्यांतली आणि चाळींतली माणसे. तिथे दार लोटलेले असे, लावलेले नसे. भर दुपारी एखाद्या बिऱ्हाडाने कडी घातली, की संध्याकाळपर्यंत नळावर त्याची तीन तरी कारणे तयार होत. आता आपण फ्लॅटांत राहतो. एका दाराला दुसरे जाळीचे दार असते, त्याला साखळी असते आणि डोळ्याएवढे भिंगही असते. म्हणजे आता सगळ्यांचीच दारे बंद झाली. पण शेजारच्या बंद दाराविषयीचे आपले कुतूहल मात्र वाड्यातले ते वाड्यातलेच राहिले.

एखाद्याने दार लावून घेतले, की आपण ठरलेले तीन तर्क करतो. एक तर त्याचे मन कुणीतरी दुखावले असले पाहिजे. किंवा त्याचे डोके फिरले असले पाहिजे. किंवा त्याने आत पैसा दडवला असला पाहिजे. त्या माणसाला आत बरे वाटत असेल, हा चौथा तर्क सहसा कुणाला सुचत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंनी मला एक जाडजूड पुस्तक दिले. ‘एम्प्टी मॅन्शन्स’ हे त्याचे नाव. बिल डेडमन हा पत्रकार आणि पॉल क्लार्क न्यूएल या दोघांनी लिहिलेले ते पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. “तपासलेल्या पेपरांवर उतारा म्हणून वाचा,” असे म्हणून त्यांनी ते माझ्या पिशवीत टाकले. मी ते उतारा म्हणूनच वाचायला घेतले. पण पुढे आमच्या घरात जे घडले त्यामुळे ती गोष्ट माझ्या मनातून हलायला तयार नाही. म्हणून ती आधी सांगते.

ह्युगेट क्लार्क ही त्या पुस्तकाची नायिका. तिचा बाप विल्यम क्लार्क १८३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. सोन्याच्या शोधात तो मोंटानाच्या डोंगरांत गेला. तिथे त्याला उमगले, की सोने खणण्यापेक्षा सोने खणणाऱ्यांना सामान विकण्यात अधिक पैसा आहे. व्यापारातून पेढी झाली आणि पेढीतून खाणी आल्या, त्या सोन्यापेक्षाही तांब्याच्या. ते दिवस असे होते, की अमेरिकेत घरोघर विजेचे दिवे यायचे होते आणि गावोगाव टेलिफोनच्या तारा पसरायच्या होत्या. या साऱ्याला तांबे हवे होते. मोंटानातील ब्यूट आणि ॲरिझोनातील जेरोम इथल्या खाणींनी त्याला अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत माणसांच्या पंगतीत नेऊन बसवले. त्याने रेल्वे घातली. त्या रेल्वेच्या वाटेवर १९०५ साली वाळवंटातल्या जमिनीचे तुकडे लिलावाने विकले गेले आणि त्यांतून लास व्हेगास उभे राहिले. ते शहर ज्या परगण्यात आहे त्याचे नाव आजही क्लार्क परगणा असे आहे.

पैशाला प्रतिष्ठेची भूक असते. क्लार्कला सिनेटर व्हायचे होते. त्या काळी सिनेटर निवडायचा तो राज्याच्या विधिमंडळाने. १८९९ साली क्लार्क निवडून आला, पण आमदारांना लाच दिल्याचा बोभाटा एवढा झाला, की १९०० साली त्याला राजीनामा द्यावा लागला. पुढे १९०१ मध्ये तो पुन्हा निवडून आला आणि सहा वर्षे सिनेटमध्ये बसलाही. पण असल्या प्रकरणांचा बभ्रा पुढे अमेरिकेला राज्यघटना दुरुस्त करायला लावणाऱ्या कारणांपैकी एक ठरला. १९१३ पासून तिथे सिनेटर थेट जनतेच्या मतांनी निवडले जातात.

या क्लार्कची पहिली बायको वारली. दुसरी ॲना त्याच्याहून ३९ वर्षांनी लहान होती. तिच्या पोटी दोन मुली झाल्या. थोरली आंद्रे आणि धाकटी ही ह्युगेट. ह्युगेट ९ जून १९०६ रोजी पॅरिसमध्ये जन्मली तेव्हा बाप ६७ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर त्याने या कुटुंबासाठी १२१ खोल्यांचे घर बांधले. चित्रांची दालनेच चार. एवढ्या घरात दोन मुली लपंडाव खेळत असतील, तर सापडायला किती वेळ लागत असेल, असे आपले माझ्या मनात आले.

पण लपंडाव फार दिवस चालला नाही. १९१९ च्या ऑगस्टमध्ये आंद्रे मेंदूच्या तापाने गेली. तिचा सतरावा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर आला होता. १९२५ मध्ये बाप गेला. १९२७ मध्ये ते १२१ खोल्यांचे घर विकून पाडून टाकण्यात आले. अठराव्या वर्षी ह्युगेटच्या वाट्याला बापाच्या इस्टेटीचा पाचवा हिस्सा आला. बाकीचे चार हिस्से पहिल्या बायकोच्या मुलांचे. १९२८ मध्ये तिने बापाच्या व्यवहारात काम करणाऱ्या एका गृहस्थाच्या मुलाशी लग्न केले. १९३० मध्ये घटस्फोट झाला. त्या वर्षानंतर तिचा फोटो वर्तमानपत्रांना मिळाला नाही.

इथून पुढे ती आईबरोबर राहिली, आणि १९६३ मध्ये आई गेल्यावर एकटीच राहिली. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्याच एका इमारतीत तिच्या तीन सदनिका होत्या. सगळ्या मिळून ४२ खोल्या. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे समुद्राच्या काठी ‘बेलोसगार्दो’ नावाचा वाडा होता. तिथे ती १९५० च्या दशकानंतर फिरकली नाही. पण तिथली हिरवळ रोज कापली जात होती, चादरी झटकल्या जात होत्या, आणि गॅरेजात १९३३ सालच्या मोटारी पुसूनपासून उभ्या होत्या. कनेटिकटमध्ये १९५१ साली तिने ५२ एकरांचे एक घर घेतले आणि वाढवलेही. त्यात ती एक रात्रसुद्धा झोपली नाही. २००९ मध्ये डेडमन घर शोधत होता, तेव्हा विकायला काढलेले हे घर त्याच्या पाहण्यात आले. वर्षानुवर्षे रिकामे पडलेले एवढे घर कुणाचे, म्हणून तो शोधू लागला आणि त्यातून हे पुस्तक झाले. बंद दारापाशी पावले मंदावतात ती अशी!

आता तुम्ही विचाराल, की ही बाई आत बसून करीत काय होती? मलाही तोच प्रश्न पडला होता. ती चित्रे काढी. १९२९ साली वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत तिच्या चित्रांचे प्रदर्शनही झाले होते. ती बाहुल्या जमवी. त्या बाहुल्यांसाठी घरे बनवून घेई. जपानातल्या कारागिरांकडून जुन्या किल्ल्यांच्या आणि देवळांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करवून घेई, आणि त्यांतले लाकूड कोणते असावे, पडदा किती उंचीचा असावा, यासाठी पत्रांवर पत्रे लिही. एका बाहुलीघराचे छत बुटके झाले आणि आतल्या माणसांची डोकी आपटतील, म्हणून तिने कारागिराला ते बदलायला लावले. दूरदर्शनवर मुलांची कार्टूने लागत ती टिपून घेऊन चित्रामागून चित्र सरकते कसे, याचा ती अभ्यास करी. टेलिफोनवर ती तासन्‌तास बोले, आणि घरातल्या नोकरांना कळू नये असे काही असले तर फ्रेंचमध्ये बोले. जुन्या मैत्रिणींना, नोकरांना, त्यांच्या मुलाबाळांना ती मोठमोठे चेक पाठवी. फक्त भेटत मात्र कुणाला नसे.

हे वाचताना मी थांबले. कारण इथवर तरी ही बाई मला वेडी वाटली नाही. तिचे घर सोडा, पण तिचा दिवस भरलेला होता. आपल्या किती जणींना असे म्हणता येईल?

पण गोष्ट इथे थांबत नाही. १९९१ च्या मार्चमध्ये तिने एकदाचे डॉक्टरांना घरी बोलावले. चेहऱ्यावरचा त्वचेचा कर्करोग उपचारांवाचून वाढू दिलेला, अंगावर जुना झगा आणि वजन जेमतेम ३४ किलो. त्या वेळी ती ८४ वर्षांची होती. ४२ खोल्या होत्या, मोने आणि रेनॉयर यांची चित्रे भिंतींवर होती, पण ‘तुझ्या ओठाला हे काय झाले आहे?’ असे विचारणारे माणूस घरात नव्हते. तिला रुग्णालयात नेले. शस्त्रक्रिया झाल्या, ती बरी झाली, आणि घरी गेलीच नाही. पुढची २० वर्षे ती रुग्णालयातल्या साध्या खोलीत पडदे ओढून राहिली. २४ मे २०११ रोजी १०४ वर्षांची होऊन ती तिथेच वारली.

आणि या २० वर्षांत तिच्याभोवती माणसे जमली. दिवसभर उशाशी असणाऱ्या एका नर्सला आणि तिच्या कुटुंबाला तिने घरे, मोटारी, पैसे असे मिळून सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर दिले. रुग्णालयाच्या चालकांनी देणग्यांसाठी तिच्यामागे पुष्कळ लकडा लावला. तिच्या मालकीचे स्ट्रॅडिव्हेरियसचे व्हायोलिन २००१ मध्ये विकले गेले आणि रेनॉयरचे चित्र २००३ मध्ये. २००५ साली जेमतेम दीड महिन्याच्या अंतराने तिने दोन मृत्युपत्रांवर सह्या केल्या. पहिल्यात बरीचशी इस्टेट नातेवाइकांना होती. दुसऱ्यात त्यांना छदामही नव्हता. ती गेल्यावर सावत्र भावंडांच्या वंशातले १९ जण कोर्टात उभे राहिले. त्यांतल्या बहुतेकांनी तिला उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. सुमारे ३० कोटी डॉलरच्या इस्टेटीचे ते भांडण २०१३ मध्ये तडजोडीने मिटले. नातेवाइकांना ३ कोटी ४५ लाख डॉलर मिळाले, नर्सने ५० लाख परत केले, आणि बेलोसगार्दो कलेसाठी काढलेल्या संस्थेकडे गेले.

पुस्तक मी मिटले तेव्हा मे महिना संपत आला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझी आत्या पडली.

आत्या ७८ वर्षांची आहे. मुलींच्या शाळेत तिने ३१ वर्षे भूगोल शिकवला. लग्न केले नाही. जुना वाडा पडून झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिच्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत, त्या तिने आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून घेतल्या. गेली सहा वर्षे ती कुठे जात नाही. लग्नाचे आमंत्रण गेले की “येते हं” म्हणते आणि अहेराचे पाकीट माझ्या हाती पाठवते. न कळवता कुणी गेले तर दार अर्धे उघडून उंबऱ्यातच चार शब्द बोलते. आमच्या नात्यात तिच्याविषयी ते तीनही तर्क करून झाले आहेत. कुणी म्हणते, दादाच्या लग्नात तिचा मान राहिला नाही. कुणी म्हणते, तिला विसरायला होते. आणि एक काकू तर शपथेवर सांगतात, की तिच्याकडे माहेरचे चाळीस तोळे आहे. आत्याच्या कपाटात काय आहे ते मी पाहिले आहे. तिथे ॲटलास आहेत, वर्तमानपत्रांतून कापलेली शब्दकोडी वर्षवार बांधून ठेवली आहेत, आणि जुन्या शाळेच्या सहलींचे फोटो आहेत.

ती पडली ती न्हाणीघरात, सकाळी दहाच्या सुमारास. दाराला आतून कडी होती. भांडी घासणाऱ्या बाई चारला येतात. त्यांनी हाका मारल्या, तेव्हा आतून क्षीण आवाज आला. आत्या सरपटत सरपटत दारापाशी आली आणि खुर्चीचा आधार घेऊन तिने कडी काढली. मनगट मोडले होते, कमरेला मुका मार होता. सहा तास ती त्या ओल्या फरशीवर होती. ती बेशुद्ध पडली असती, तर दार फोडावे लागले असते. आणि तेही कुणाला शंका आली असती तेव्हा.

त्या रविवारी दादाकडे आम्ही सगळी जमलो. दादा म्हणाला, “आता हे पुरे झालं. आत्याला इथं आणायचं, नाहीतर चांगला वृद्धाश्रम बघायचा.” दादा मनाचा निर्मळ माणूस आहे. आत्याच्या दवाखान्याचे बिल त्यानेच भरले आणि रात्री उशाशी बसलाही तोच. त्याच्या आवाजात चिडचिड होती ती भीतीची होती. मी म्हटले, “तिला विचारलंस?” तो म्हणाला, “विचारायचं काय? ती नाहीच म्हणणार.” वहिनी म्हणाल्या, “उद्या काही झालं तर लोक आम्हालाच नावं ठेवतील.” मग कुणीतरी, कोण ते सांगत नाही, हळूच विचारले, “आणि त्या खोल्यांचं काय करायचं?” यावर कुणीच काही बोलले नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मला त्या क्षणी ते १९ जण आठवले. आम्ही काही कोट्यधीश नव्हतो आणि भांडतही नव्हतो. पण माणूस हयात असताना त्याच्या खोल्यांचा विषय निघाला, की बैठकीतली हवा बदलते ती न्यूयॉर्कात आणि पुण्यात सारखीच बदलते.

मी मराठी शिकवते. आमच्या भाषेत एक गंमत आहे, ती दर वर्षी वर्गात सांगते. ‘दार लावले’ म्हटले की नुसती क्रिया झाली. ‘दार लावून घेतले’ म्हटले की ते स्वतःसाठी लावले, त्यात लावणाऱ्याची इच्छा आली. आणि ‘दार लावून टाकले’ म्हटले की विषय संपला, पुन्हा उघडायचे नाही. एवढ्याशा ‘घेणे’ आणि ‘टाकणे’ यांत माणसाचे सारे मन येऊन बसते. त्या रविवारी घरी परतताना माझ्या डोक्यात हेच घोळत होते. ह्युगेटने तरुणपणी दार लावून घेतले होते. आत चित्रे होती, बाहुल्या होत्या, टेलिफोन होता. ते कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता, लावून टाकलेले दार झाले. इतके, की ओठाला झालेली जखमसुद्धा तिने दाराबाहेर जाऊ दिली नाही. आणि रुग्णालयातल्या त्या २० वर्षांत दार कुणाच्या हातात होते? आत कुणाला सोडायचे हे ती ठरवीत होती, की तिच्याकडून ज्यांना मिळत होते ती माणसे? सरकारी वकिलांच्या कचेरीने तिच्या पैशांच्या व्यवहाराची चौकशी केली. पण त्यातून कुणावर खटला भरला गेला नाही. तिच्याशी बोललेली माणसे सांगतात, की ती अखेरपर्यंत शुद्धीत होती आणि कुणी काही गळ्यात मारू लागले तर गोड बोलून टाळायला तिला येत होते. रुग्णालयाची इमारत विकली जाऊ नये म्हणून तिने साडेबारा कोटी डॉलर द्यावे असा घाट घातला गेला, तेव्हा तिने ते दिले नाहीत आणि मुकाट्याने दुसऱ्या रुग्णालयात राहायला गेली. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिच्यात होती. पण ज्याला रोज ‘नाही’ म्हणायचे, त्याच्याच हातचे पाणी प्यायचे, ही अवस्था काही सुखाची नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे गेले. हात गळ्यात बांधलेला, केस भांडीवाल्या बाईंनी विंचरलेले. मी तिला ही सारी गोष्ट सांगितली. “मोंटाना,” आत्या म्हणाली, “ॲटलास काढ बघू.” डाव्या हाताच्या बोटाने तिने रॉकी पर्वतावरून खाली येत ब्यूट काढून दाखवले. “तांबं. नकाशात मुली हमखास चुकायच्या इथं.” मग बऱ्याच वेळाने तिने विचारले, “तिला चहा कोण करून देत होतं गं?”

मी म्हटले, “नर्स असेल, नाहीतर रुग्णालयातलं कोणी.”

“म्हणजे पगारी माणसंच. आणि ते कोर्टात गेलेले, त्यांतलं कोणी कधी तिच्याकडे नुसतं बसायला गेलं होतं?”

“ती भेटतच नव्हती कुणाला.”

“हं,” आत्या म्हणाली. “दार उघडायचं नाही, हा तिचा हक्क. पण थाप मारायचीच नाही, हा त्यांचा हक्क कुठला?”

मी गप्प राहिले. मग मी दादाचे म्हणणे तिला सरळ सांगितले. खोल्यांचा विषय निघाला होता तेही सांगितले. तिला ते कळायलाच हवे होते. ती रागावली नाही. म्हणाली, “तुझा दादा पडेल त्या दिवशी तोही घाबरेल. अगं, मला एकटं राहायचं आहे, टाकून दिलेलं राहायचं नाहीये. एवढं तुम्हाला वेगळं करता येत नाही का? सकाळी उठते, माझा चहा करते, कोडं सोडवते. दुपारी कुणी हाका मारीत नाही. ३१ वर्षं साठ-साठ मुलींचा गलका ऐकलाय मी. मला आता शांत हवंय. लग्नात कशाला येऊ? अडीचशे माणसं विचारणार, कशा आहात, आणि उत्तर ऐकायला एकही थांबणार नाही.”

“पण सहा तास, आत्या,” मी म्हटले.

यावर ती खिडकीकडे पाहत राहिली. त्या सहा तासांत ती कशाकशाचा विचार करीत होती, हे मी विचारले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “कडी मी रात्रीची घालते ती सकाळी काढायची राहते. कडी नको. कुलूप बसव बाहेरून उघडणारं. किल्ल्या तीन कर.”

आम्ही तसेच केले. सुताराने कडी काढली तेव्हा तिथे लाकडाचा चौकोन पांढुरका राहिला. एक किल्ली आत्याकडे, एक खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात आणि एक माझ्या पर्समध्ये आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. भांडीवाल्या बाई आता चारऐवजी सकाळी नऊला येतात. त्यांच्या पगाराची वाढ आत्या स्वतःच्या पेन्शनमधून देते, आणि बँकेची वही महिन्यातून एकदा माझ्यासमोर उघडून ठेवते. “माझ्यावर तुमचा विश्वास आहे,” ती म्हणते, “पण माझा माझ्यावर राहील की नाही, ते कुणी सांगावं?” रोज सकाळी सातला ती मला एक मिस्ड कॉल देते. दोनदा घंटी वाजते आणि थांबते. तो उचलायचा नाही, असा करार आहे. उचलला तर मला पैसे पडतात म्हणून नव्हे, तर सकाळी सातला तिला बोलायचे नसते म्हणून. साडेसातपर्यंत घंटी वाजली नाही, तर मात्र मी निघायचे.

दादाला हे पटलेले नाही. “असं किती दिवस चालणार?” तो विचारतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. एक दिवस असा येईल, की दोनदा वाजणारी घंटी पुरणार नाही. त्या दिवशी काय करायचे, हे मी आत्याला आजच विचारून ठेवले आहे आणि तिने ते एका कागदावर लिहून सही करून दिले आहे. आमच्या घरात असा कागद पहिल्यांदाच झाला. वहिनींना तो अभद्र वाटतो. मला तो वाचला की धीर येतो. तिच्या खोल्यांविषयीही त्यात दोन ओळी आहेत. त्या काय आहेत हे दादाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे, आणि तेव्हापासून त्या विषयावर पंख्याचा आवाज ऐकत बसण्याची पाळी आमच्यावर आलेली नाही.

परवा दादाही तिच्याकडे गेला होता. न कळवता गेला. तिने दार अर्धेच उघडले आणि म्हणाली, “आज नको रे, उद्या ये पाचला. चहा टाकते.” तो तिथूनच मला फोन करून म्हणाला, “बघ, ही अशी आहे!” मी म्हटले, “मग उद्या जाणार आहेस का?” तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “जाईन की. तिनं पाचला बोलावलंय.”